गतीचे प्रामाण्य

प्रोसेसर म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारी मुख्य चिप, आणि निर्मात्याने तिच्यासाठी नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने तिला चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. या वाटेला प्रथमच लागणाऱ्याच्या मनात चिप जळून जाईल काय अशी धास्ती असते, आणि ती अनाठायी नाही. तथापि तापमान ठरावीक अंशांपलीकडे गेल्यास आपणहून गती उतरविण्याची, आणि तेवढ्याने न भागल्यास यंत्र बंद करण्याची सोय अलीकडच्या चिपमध्ये असल्यामुळे ती धास्ती बऱ्याच अंशी आवरता येते. आवरायला कठीण असा प्रश्न निराळाच आहे. वाढविलेल्या गतीने चालणारी चिप जे उत्तर देते ते बरोबर आहे, हे कशावरून मानावयाचे? भारतीय दर्शनांत या जातीच्या प्रश्नाला प्रामाण्यवाद असे नाव आहे. एखादे ज्ञान खरे आहे हे कशाने ठरते, ते ज्ञान स्वतःच आपली साक्ष देते की त्याला बाहेरची साक्ष लागते, यावर मीमांसक आणि नैयायिक, म्हणजे मीमांसा आणि न्याय या दर्शनांचे अनुयायी, कित्येक शतके वाद घालीत आले. प्रोसेसरची गती सुरक्षितपणे वाढविण्याची रीत या वादाच्या उजेडात पाहिली, तर नवशिक्याला सांगितले जाणारे नियम केवळ सावधगिरीच्या सूचना न राहता त्यांच्यामागचे कारण दिसू लागते.

प्रथम यंत्राचा व्यवहार समजून घेणे भाग आहे. प्रोसेसरचे सारे काम एका ठोक्याच्या तालावर चालते. हा ठोका सेकंदाला किती वेळा पडतो ते गिगाहर्ट्झमध्ये मोजतात, आणि एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके. इंटेल कंपनीने २०११ च्या जानेवारीत बाजारात आणलेला कोअर आय-५ २५००के हा प्रोसेसर नवशिक्यांच्या एका संपूर्ण पिढीने या कामासाठी वापरला, म्हणून उदाहरणाला तोच घेणे सोयीचे. त्याचा बेस क्लॉक, म्हणजे पायाभूत ठोका, १०० मेगाहर्ट्झचा असून त्याला मल्टिप्लायर नावाच्या आकड्याने गुणले की प्रोसेसरची गती मिळते. हा आकडा ३३ असता गती ३.३ गिगाहर्ट्झ होते आणि ४५ केला की ४.५ गिगाहर्ट्झ. नावातील ‘के’ हे अक्षर मल्टिप्लायर खुला असल्याची खूण आहे, आणि मदरबोर्डही तशी मुभा देणारा असावा लागतो; त्या काळच्या पी-६७ किंवा झेड-६८ या चिपसेटच्या बोर्डांवर ती होती, एच-६१ वर नव्हती. बदल करावयाचा तो बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागा होणाऱ्या मूळ आज्ञावलीत. आकडा बदलणे हे इतके सोपे आहे, आणि सगळा घोळ या सोपेपणातूनच उद्भवतो.

याचे कारण असे की ४.५ गिगाहर्ट्झच्या दोन ठोक्यांमधील अवधीत प्रकाशसुद्धा सात सेंटीमीटर जात नाही, आणि तेवढ्या अवधीत चिपमधील विद्युत्संकेताला ट्रान्झिस्टरांच्या लांबच लांब साखळीतून जाऊन आपल्या ठरल्या जागी स्थिर व्हावे लागते. पुढचा ठोका पडताना संकेत स्थिर झालेला असेल तर योग्य मूल्य टिपले जाते. तो वाटेत असतानाच ठोका पडला तर चुकीचे मूल्य टिपले जाते, आणि टिपणाऱ्या भागाला त्यातला फरक कळण्याचे काही साधन नसते. शून्याच्या जागी एक आला एवढेच घडते. हा एक जर कार्यप्रणालीच्या नाजूक जागी पडला तर निळा पडदा येऊन संगणक बंद पडतो, ते एका अर्थी भाग्यच. कारण तोच एक एखाद्या छायाचित्रात, हिशेबाच्या एखाद्या रकान्यात किंवा साठविल्या जाणाऱ्या फाइलमध्ये पडला तर कोणताही गाजावाजा न होता असत्य हे सत्य म्हणून नोंदले जाते. भ्रमाचे लक्षण सांगताना दर्शनकारांनी हेच म्हटले आहे की भ्रम चालू असेपर्यंत तो भ्रम म्हणून जाणवत नाही. दोरीवर दिसणारा साप, दिसत असेपर्यंत, सापच असतो.

निर्मात्याने खोक्यावर छापलेली गती ही प्रमाणांच्या भाषेत शब्दप्रमाण होय. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानते, आणि शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जाणले तेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि वात्स्यायनाच्या न्यायभाष्याने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लावले आहे, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या मोठेपणाची साक्ष म्हणून येथे नोंदविण्याजोगी आहे. प्रोसेसर बनविणारी कंपनी प्रत्येक चिप तपासते, तिची प्रत ठरविते, आणि ही चिप या गतीला, या व्होल्टेजला, उन्हाळ्यात, साध्या पंख्याखाली, कित्येक वर्षे बरोबर चालेल असे वचन देते. एवढ्या साऱ्या परिस्थितींना पुरेल असे वचन द्यायचे म्हणून तिला पदरी काही शिल्लक राखावी लागते, आणि ओव्हरक्लॉकिंग जगते ते या शिलकीवर. १९९८ मधील सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे त्या काळच्या पायाभूत ठोक्यावर, ३०० मेगाहर्ट्झने चाले. त्याचा मल्टिप्लायर साडेचारला बांधलेला होता, परंतु बस १०० मेगाहर्ट्झची केली की त्यातील पुष्कळ चिप ४५० मेगाहर्ट्झने बिनतक्रार चालत. मूळ गतीच्या निम्म्याइतकी शिल्लक होती. अलीकडचे प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून स्वतःच आपली गती वरच्या टोकापर्यंत नेतात, त्यामुळे कारखान्यातून निघतानाच ती शिल्लक बव्हंशी खर्च झालेली असते. नवशिक्याने जुन्या यशोगाथा वाचून तेवढीच अपेक्षा धरू नये.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. इंटेलने २००० साली १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ बाजारात आणला आणि तो लिनक्सची मूळ आज्ञावली बांधण्यासारख्या कामात कोलमडतो असे परीक्षकांनी दाखविल्यावर ऑगस्टअखेर परत घेतला. आप्तानेच आपल्या ज्ञानाबाहेर पाऊल टाकले होते. शब्दाचे प्रामाण्य वक्त्याच्या गुणांवर अवलंबून असते, हे नैयायिकांचे म्हणणे यापेक्षा उघडपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

मीमांसकांचे म्हणणे याच्या विरुद्ध होते, आणि त्याचे मूळ धर्मचिंतेत होते. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणाही पुरुषाने न रचलेला, असे ते मानीत. मग ज्याला वक्ताच नाही त्याचे प्रामाण्य वक्त्याच्या गुणांवर टेकवता येईना. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात मांडलेला मार्ग असा, की प्रत्येक ज्ञान उत्पन्न होताच स्वतःच प्रमाण असते. ते अप्रमाण ठरविण्यासाठी मात्र बाहेरचे कारण लागते, आणि अशी कारणे दोन: ते ज्ञान उपजविणाऱ्या साधनात दोष आढळणे, किंवा त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान होणे. नैयायिकांच्या मते वेद प्रमाण आहे तो ईश्वर या आप्ताचे वचन म्हणून, आणि सामान्य ज्ञानाचेही प्रामाण्य परतः, म्हणजे दुसऱ्या कशावरून, ठरते. दुरून पाणी दिसले, जवळ जाऊन प्यायले आणि तहान भागली, तेव्हा ते पाण्याचे ज्ञान खरे होते असे निश्चित झाले. ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ होणे, यालाच प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात.

नित्याच्या जीवनात संगणक वापरणारा प्रत्येक जण, त्याला ठाऊक असो वा नसो, मीमांसक असतो. पडद्यावर बेरीज आली की ती खरी. तिची फेरतपासणी कोणी करीत नाही, आणि करू गेल्यास व्यवहारच थांबेल. या विश्वासाला धक्का बसल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९४ चे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या, म्हणजे ११ आणि १३ यांसारख्या दोनाच्या अंतराने येणाऱ्या मूळ संख्यांच्या, व्यस्तांची बेरीज करीत असताना एका पेंटियम संगणकाचे उत्तर जुळेना. आपल्या आज्ञावलीतील चूक, कंपायलरची चूक, बोर्डाचा दोष असे एकेक कारण बाजूला सारीत ते चिपपर्यंत पोहोचले. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातील काही नोंदी गाळल्या गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता उत्तर १.३३३८२ यावयास हवे, तेथे ती चिप १.३३३७४ देई. यंत्र बंद पडत नव्हते, इशारा येत नव्हता, आणि बहुसंख्य भागाकार अचूक होते. येथे कुमारिलांनी सांगितलेली दोन्ही कारणे क्रमाने दिसतात: आधी बाधक ज्ञान, मग साधनातील दोष.

प्रोसेसरची गती वाढविणारा नेमके काय करतो, ते आता सांगता येईल. तो स्वतःच्या हाताने साधनात दोषाचा संभव निर्माण करतो. निर्मात्याचा शब्द ३.३ गिगाहर्ट्झपुरता होता, ४.५ साठी कोणीही आप्त उरलेला नाही, कारण इतरांनी आपापल्या चिपवर मिळविलेले आकडे हे फार तर उपमान आहेत, आणि सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या दोन चिपसुद्धा सारख्या निघत नाहीत. साधनात दोषाचा संभव ठाऊक असताना मीमांसकाच्या मतेही स्वतःप्रामाण्याचा आधार घेता येत नाही. म्हणून या एका ठिकाणी दोन्ही पक्ष एकत्र येतात: गती वाढविणाऱ्याला परतःप्रामाण्य पत्करावेच लागते, आणि जो भार पूर्वी कंपनी वाहत होती तो त्याच्या खांद्यावर येतो. वॉरंटी, म्हणजे हमी, अशा वापराने बाद होऊ शकते, ही कायद्याची बाब याच गोष्टीचे व्यावहारिक रूप आहे.

हा भार वाहण्याची रीत काय, तर ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे काम चिपला देणे. प्राइम९५ ही आज्ञावली मुळात मेर्सेन मूळ संख्या शोधण्याच्या सामूहिक प्रयत्नासाठी लिहिली गेली, आणि तो प्रयत्न जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केला. कित्येक दिवस चालणाऱ्या त्या आकडेमोडीत एक चूक झाली तरी सारे व्यर्थ जात असल्याने तिच्यात संगणकाची कठोर परीक्षा घेण्याची सोय आहे. ती चिपला पूर्ण भाराखाली आकडेमोड करावयास लावून आलेले उत्तर ज्ञात उत्तराशी ताडून पाहते. नुसते ‘संगणक बंद पडला नाही’ ही साक्ष आणि ‘उत्तर जुळले’ ही साक्ष यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि नवशिक्याने दुसऱ्या साक्षीचाच आग्रह धरावा. विंडोज कार्यप्रणाली हार्डवेअरच्या दुरुस्त झालेल्या चुकांचीही नोंद ठेवते. ती नोंदवहीही परीक्षेनंतर उघडून पाहावी.

परीक्षेचा क्रम न्यायशास्त्राने अन्वय-व्यतिरेक या नावाने फार पूर्वीच घालून दिला आहे: जे असताना कार्य घडते आणि जे नसताना घडत नाही, ते कारण. याचा व्यवहारातला अर्थ, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम काहीही न बदलता मूळ गतीवर पूर्ण भार देऊन तापमान पाहून घ्यावे. हीटसिंकमध्ये धूळ साचलेली असेल, थर्मल पेस्ट वाळलेली असेल किंवा पॉवर सप्लाय दुबळा असेल तर ते येथेच कळते. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. मग मल्टिप्लायर एकाने वाढवावा, परीक्षा घ्यावी, उत्तरे जुळली तर आणखी एकाने वाढवावा. चूक दिसली की व्होल्टेज अगदी थोडे, व्होल्टच्या एक-दोन शतांशांनी, वाढवून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. व्होल्टेज वाढले की ट्रान्झिस्टर चपळ होतो आणि संकेत वेळेत पोहोचतो. भार पडताच व्होल्टेज थोडे घसरते, म्हणून बायोसमधला आकडा आणि भाराखालचा आकडा दोन्ही पाहावेत. या काळात रॅमची गती मूळ ठेवावी, कारण दोन्ही एकदम वाढवून चूक आली तर दोष कोणाचा हे ठरविण्याचा मार्गच बंद होतो. संगणक सुरूच होईनासा झाला तर मदरबोर्डावरील जंपरने किंवा बॅटरी काही वेळ काढून ठेवून बायोस मूळ स्थितीला आणता येते. ही परत फिरण्याची वाट आधी पाहून ठेवल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

आता या सर्वांतील अवघड जागा. आठ तास परीक्षा चालली आणि एकही चूक आली नाही, यावरून ‘ही चिप ४.५ गिगाहर्ट्झला स्थिर आहे’ असे म्हणता येईल काय? स्थैर्य डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते त्या आठ तासांतील निर्दोष चालणे, आणि स्थैर्य हे त्यावरून केलेले अनुमान असते. अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे खूण असलेला हेतू आणि तिच्यावरून ठरवावयाचे साध्य यांचा कधीही न मोडणारा संबंध, आणि चार्वाकांचा आक्षेप तेथेच होता: पाहिलेल्या मोजक्या ठिकाणांवरून न पाहिलेल्या सर्व ठिकाणांचा संबंध कसा ठरविता? नैयायिकांनी यातून उपाधीची कल्पना काटेकोर केली. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे. पण जेथे अग्नी तेथे धूर, हे खरे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. अग्नीपासून धूर निघण्यास ओले सरपण असावे लागते. ते ओले सरपण म्हणजे उपाधी, न सांगता आत शिरलेली अट. भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशासारख्या, महाराष्ट्राच्या पांडित्याला भूषण असलेल्या ग्रंथात या एका शब्दाच्या अर्थच्छटा पाहिल्या म्हणजे ही अट शोधून काढण्यात किती बुद्धी खर्च झाली आहे याची कल्पना येते.

संगणकाच्या स्थैर्यात अशी ओली सरपणे पुष्कळ आहेत. डिसेंबरातील थंड रात्री घेतलेली परीक्षा मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लागू पडत नाही, कारण खोली वीस अंशांनी तापली की तेवढ्याच भाराखाली चिपही साधारण तेवढ्याच अंशांनी अधिक तापते. एव्हीएक्स नावाच्या, एका आज्ञेत अनेक संख्या हाताळणाऱ्या, आज्ञांनी चिपवर जो भार पडतो तो साध्या आज्ञांनी पडत नाही. म्हणून त्या आज्ञांशिवाय घेतलेल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली चिप त्या येताच कोलमडू शकते. याच्या उलट, पूर्ण भाराखाली निर्दोष असलेले यंत्र रिकामे बसले असताना, गती आणि व्होल्टेज वर-खाली होत असताना, अडखळू शकते. तेव्हा स्थैर्याचे विधान उपाधींसह केले तरच ते खरे: अमुक व्होल्टेज, खोलीचे अमुक तापमान, अमुक प्रकारचा भार, अमुक तास. अटी गाळून केलेले विधान प्रौढीचे असेल, ज्ञानाचे नव्हे.

काळ ही तर सर्वांत खोल उपाधी. प्रोसेसरला लागणारी वीज गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा गती ३.३ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर नेली आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ करावे लागले, तर गतीत ३६ टक्क्यांची भर पडते, पण विजेचा आणि म्हणून उष्णतेचा बोजा सुमारे ७३ टक्क्यांनी वाढतो. उष्णता आणि दाट विद्युत्प्रवाह यांमुळे चिपमधील धातूच्या सूक्ष्म तारांतील अणू हळूहळू सरकतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि तापमान व प्रवाहाची घनता वाढली की तारेचे आयुष्य कसे घटते याचे सूत्र जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडले. याचा परिणाम असा की वर्षापूर्वी ज्या व्होल्टेजवर उत्तरे जुळत होती त्यावर ती जुळेनाशी होऊ शकतात. तापमान वाढले तर यंत्र स्वतःला आवरते, परंतु हाताने दिलेल्या जादा व्होल्टेजपासून त्याला असा भरवशाचा बचाव नाही. म्हणून २५००के सारख्या ३२ नॅनोमीटरच्या चिपवर पूर्ण भाराखाली ८० अंश सेल्सियस आणि सुमारे १.३५ व्होल्ट यांच्या आत राहणे नवशिक्याला श्रेयस्कर, आणि अन्य पिढीच्या चिपला हेच आकडे लावू नयेत हे त्याहून श्रेयस्कर.

मग परीक्षा किती वेळ घ्यावी? एका ज्ञानाची साक्ष दुसऱ्याने द्यावी, त्याची तिसऱ्याने, तर ही साखळी कोठेच संपत नाही. या दोषाला अनवस्था म्हणतात, आणि नैयायिकांवर मीमांसकांनी ठेवलेला आरोप हाच होता. कुमारिलांचे उत्तर व्यवहारी होते: शंका आलीच तर तीन-चार ज्ञानांपर्यंत तपास करावा, त्यापुढे बुद्धीला जाण्याचे प्रयोजन नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत शंकेची सीमा दुसऱ्या टोकाने आखली: ज्या शंकेमुळे शंका घेणाऱ्याच्याच वागण्याशी विरोध येईल तेथे ती थांबते, कारण धुरासाठी अग्नी पेटविणारा आणि तृप्तीसाठी जेवणारा माणूस त्या कार्यकारणभावावर खरोखरी संशय घेत नसतो. या दुसऱ्या उत्तराचा येथे फार उपयोग आहे. शंका कोठे थांबावी हे चिपवरून ठरत नाही, तिच्यावर कोणते काम सोपवायचे यावरून ठरते. खेळ खेळण्यापुरत्या संगणकाला एका रात्रीची परीक्षा आणि काही दिवसांचा वापर पुरे. चुकला तर डाव पुन्हा मांडता येतो. ज्या यंत्रावर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब, कोणाचा प्रबंध किंवा घराण्याची एकमेव छायाचित्रे आहेत, त्याच्याबाबत कितीही तास पुरेसे आहेत असे म्हणणे कठीण, कारण तेथे चूक झाली तर तिचे फळ भोगणारा आणि गती वाढविणारा हे निरनिराळे असतात, आणि भोगणाऱ्याला आपल्या वतीने शब्दप्रमाण सोडून दिले गेल्याचे ठाऊकही नसते. अशा यंत्राची गती मूळ ठेवावी.

उरलेल्यांसाठी एक साधी वही पुरते. तिच्यात तारीख, मल्टिप्लायर, भाराखालचे व्होल्टेज, खोलीचे आणि चिपचे तापमान, परीक्षेचे नाव आणि तास, अशा नोंदी ठेवून दर ऋतूच्या आरंभी तीच परीक्षा पुन्हा घेतली, तर उत्तरे जुळण्याचे थांबले तेव्हा कोणती उपाधी बदलली हे शोधता येते. आणि चैत्र संपता संपता मल्टिप्लायर ४५ वरून ४३ वर आणून जूनमधल्या पहिल्या पावसानंतर तो पुन्हा वाढविण्यापूर्वी नव्याने परीक्षा घेतली, तर त्या वहीत आणखी एक ओळ भरली जाते.